उडी मारताना नव्हे, पाय टेकताना सम हवी

जिम्नॅस्टिक्सची रचना बसवताना गाणं ताणता येतं, कापता येतं. हवेतला वेळ मात्र नाही. 45 सेंटिमीटर उंचीच्या उडीला साधारण 0.6 सेकंद लागतात, मग लय कुठलीही असो. म्हणून आधी अवघड कसरती मोजाव्यात आणि मगच गाण्याला कात्री लावावी.

मिनिटाला 128 ठोक्यांची लय सोयीची. आठ ठोक्यांचं आवर्तन 3.75 सेकंदांत संपतं. महिलांच्या फ्लोअर एक्सरसाइजची (गाण्यावर जमिनीवर सादर होणाऱ्या रचनेची) 90 सेकंदांची कमाल मर्यादा म्हणजे अशी बरोबर 24 आवर्तनं. पण सगळी भरू नका, 23 पुरेत. तोल सावरण्यात वेळ जातोच, आणि मर्यादा ओलांडली की 0.1 गुण वजा.

हमखास होणारी चूक म्हणजे जोरदार ठोक्यावर उडी मारणं. वर सांगितलेली उडी या लयीत जवळपास सव्वा ठोक्याची, म्हणजे पाय टेकतात ते दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत. बघणाऱ्याला रचना 'कुठेतरी चुकली' एवढंच जाणवतं. तिहाईसारखं (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलासारखं) समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावरून, मागे मोजा. समजा, धावण्याच्या पहिल्या पावलापासून लँडिंगपर्यंत टंबलिंगला (धावत येऊन मारलेल्या सलग कोलांट्यांना) 3.2 सेकंद लागतात. सात ठोके होतात 3.28 सेकंदांचे. तेव्हा आवर्तनाच्या दुसऱ्या ठोक्यावर निघायचं, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर उतरायचं. उरलेला फरक सुरुवातीच्या हाताच्या झोक्यात सहज मुरतो.

हे 3.2 सेकंद सुट्या सरावात मोजले असतील तर ते फसवे. शेवटच्या टंबलिंगपर्यंत पाय जड झालेले असतात, धाव मंदावते. पूर्ण रचनेचा व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. सेकंदाला 60 फ्रेमच्या चित्रीकरणात 30 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद.

गाणं कापायचं ते चार आवर्तनांचं सांगीतिक वाक्य संपताना, ढोलाच्या ठोक्याच्या किंचित आधी. ठोका सांधा झाकतो. दोन्ही तुकडे 10 ते 20 मिलिसेकंद एकमेकांवर चढवले की 'टक्' आवाज येत नाही. लय तीनेक टक्क्यांनी बदलली तर सहसा कळत नाही. फार ताणली की ढोल फिसकटतो. दोन तुकड्यांचे सूर जुळत नसतील तर मात्र कितीही सफाईदार सांधा कानाला खुपतोच.

मोठ्या सभागृहात 34 मीटरवरच्या स्पीकरचा आवाज 0.1 सेकंद उशिरा पोचतो, वर प्रतिध्वनी. नुसत्या व्हायोलिनच्या लांब सुरांवर तिथे ठोका सापडत नाही. तळाशी स्पष्ट तालवाद्य हवंच.