बडोद्याहून इंग्लंडला येणाऱ्या आई-बाबांसाठी: इथली इमर्जन्सी

उत्तरायणात मांज्याने कापलेले, गच्चीवरून पडलेले रुग्ण वाढणार, हे बडोद्यात १०८ वाल्यांपासून सयाजी हॉस्पिटलपर्यंत सगळे धरूनच चालतात. इंग्लंडमध्येही गर्दीच्या वेळा ठरलेल्या. सोमवार सर्वांत वाईट, त्यातही सकाळी दहा ते बारा, कारण शनिवार-रविवार अंगावर काढलेली दुखणी तेव्हा दारात येतात. लहान मुलं बहुतेक संध्याकाळी.

हिवाळ्याचं गणित मात्र वेगळं आहे. येणारे रुग्ण बरेचदा उन्हाळ्यातच जास्त असतात, तरी खोळंबा हिवाळ्यात होतो. न्यूमोनिया, फ्लू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना भरती करावंच लागतं, आणि वर वॉर्डात खाट नसते. तिथले आजोबा बरे झालेले असतात, पण घरी त्यांचं करायला कोणी नसल्याने सोडता येत नाही. मग खालचा रुग्ण ट्रॉलीवर, कॉरिडॉरमध्ये. चार तासांत ९५ टक्के रुग्णांना घरी सोडायचं किंवा भरती करायचं, हे उद्दिष्ट देशपातळीवर जुलै २०१५ नंतर गाठलेलंच नाही. नर्सबाईंवर चिडून खाट मिळत नाही, हे कळकळीने सांगतो.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने रुग्ण निम्म्याहून कमी झाले होते. त्याच वर्षी आधी १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन करून वेळ घेण्याची पद्धत आली. ती वापरा. फोन फुकट, चोवीस तास, दुभाषाही मागता येतो. घराचा पोस्टकोड फ्रिजवर लिहून चिकटवा. पाय मुरगळला, छोटी जखम झाली तर अर्जंट ट्रीटमेंट सेंटर पुरतं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, याला थेट ९९९, म्हणजे इथली १०८.

आत गेल्यावर नर्स आधी तपासते. बऱ्याच ठिकाणी मँचेस्टर पद्धत आहे, म्हणजे दुखणं किती गंभीर त्यावरून रंग, आणि रंगावरून डॉक्टरांनी किती वेळात पाहायचं ते ठरतं: लाल तत्काळ, केशरी १० मिनिटं, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. मागून आलेला आधी आत गेला, तर त्याचा रंग वेगळा.

इमर्जन्सी विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत. भरती केलं की बिल सुरू, तेही व्हिजिटर व्हिसावाल्यांना सरकारी आरोग्यसेवेच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्के, म्हणजे दीडपट. म्हणून प्रवास विमा घेताना बीपी-शुगर अजिबात लपवू नका. लपवलेल्या आजारावरून क्लेम अडतो. औषधांच्या यादीत ग्लायकोमेटपुढे मेटफॉर्मिन आणि इकोस्प्रिनपुढे अ‍ॅस्पिरिन, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, असं इंग्रजीत लिहून पासपोर्टसोबत ठेवा. आपल्याकडची ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना सहसा कळत नाहीत.