दंडावर काळा ड्रॅगन: मुलांच्या ‘मेंदी टॅटू’बद्दल आईबाबांना माहीत हवं ते

मेंदीच्या पानातून काळा रंग येत नाही. सुट्टीत गोव्याला निघालेल्या प्रत्येक आईबाबांनी एवढं तरी पक्कं लक्षात ठेवावं, कारण किनाऱ्यावर किंवा जत्रेत पोराच्या दंडावर विंचू, ड्रॅगन काढून देणारा माणूस ‘मेंदीच आहे, नॅचरल’ असंच सांगतो.

मेंदीतलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. वाळलेल्या पानात ते साधारण १ ते २ टक्के असतं. त्याचा रंग आधी केशरी उठतो आणि पुढच्या दोन दिवसांत विटकरी-तपकिरी होत जातो. तळहातावर तो गडद चढतो, कारण तिथे कातडीचा वरचा थर जाड असतो. तीच मेंदी दंडावर लावली तर फिकीच उठते. तेव्हा दंडावर तासाभरात कोळशासारखी काळी नक्षी उमटली, तर ती मेंदीची नाही हे तिथल्या तिथे ओळखता येतं. लावण्याआधीही लगदा बघून घ्या. खरी मेंदी हिरवट-तपकिरी असते, तिला ओल्या गवताचा वास येतो. शाईसारखा काळा लगदा, हेअर डायचा किंवा रॉकेलचा वास आणि ‘अर्ध्या तासात धुवा’ असा सल्ला, यातलं काहीही दिसलं की मुलाचा हात मागे घ्या.

त्या काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. केस काळे करायच्या डायमधलं रसायन तेच. केसांसाठी ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी पुड्यांतही ते असतं, त्यामुळे पाकिटावर मेंदीचं पान छापलंय यावर जाऊ नका. युरोपीय संघात हेअर डाय डोक्यावर लावताना त्यात पीपीडी जास्तीत जास्त २ टक्के चालतं. काळ्या टॅटूच्या लगद्यात ते १५ टक्क्यांच्याही वर सापडलं आहे. शिवाय डाय धुऊन टाकतात, हा लगदा मात्र थेट कातडीवर वाळू देतात.

अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या खेपेला शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) या रसायनाची ओळख पटायला १० ते १४ दिवस लागू शकतात. सुट्टी संपते, शाळा सुरू होते आणि मग टॅटूच्या जागी खाज सुटते. घरचे समजतात, डास चावला किंवा घामोळं आलं. पण पुरळ नक्षीच्या रेघांवरच उठलेलं असतं. बोट फिरवलं तर ड्रॅगनची शेपटी हाताला लागते, इतकी रेघ सुजून वर येते. पुढे त्यावर पाण्याचे फोड येतात. आधीच अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हेच सगळं १ ते ३ दिवसांत होतं.

लगदा अजून ओला असेल तर लगेच पुसून साबण-पाण्याने धुवा. रंग चढून गेला असेल तर लिंबू, टूथपेस्ट, घासणी यातलं काही नको. रंग त्याने जात नाही, कातडी मात्र सोलवटते. पुरळ उठलं तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून १० ते १५ मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. फोड फोडू नका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा स्टेरॉइडचं मलम ठरावीक दिवसांसाठी देतात. खाजेच्या गोळीने झोप लागेल, पण ही अ‍ॅलर्जी त्या गोळीने बरी होत नाही. मेडिकलमधून बुरशी, जंतू आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली ट्यूब आणून चोळणं तर अजिबात नको. पू, ताप, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास दिसला तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. बरं झाल्यावर त्या जागी नक्षीच्या आकाराचा पांढरट डाग कित्येक महिने राहू शकतो. त्याला उन्हापासून जपावं.

खरी काळजी पुढची आहे. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. हेच मूल पुढे कॉलेजात गेल्यावर केस रंगवायला बसलं, तर डोळे मिटतील इतकी चेहऱ्यावर सूज येऊ शकते. पीपीडीशी मिळतीजुळती रचना असलेल्या बेंझोकेनची (जागा बधिर करायचं औषध), कपड्यांच्या काही रंगांचीही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून मुलाच्या फाइलवर ‘पीपीडी अ‍ॅलर्जी’ असं ठळक लिहून घ्या आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगा. पहिल्या टॅटूला काही झालं नाही म्हणून दुसरा काढून घेणं सर्वांत घातक, कारण पहिल्यानेच शरीर तयार करून ठेवलेलं असू शकतं. ‘आधी कोपराजवळ ठिपका लावून बघू’ हा उपायही काळ्या रंगासाठी चुकीचा. एका दिवसात काही दिसत नाही आणि त्या ठिपक्यानेही अ‍ॅलर्जीची सुरुवात होऊ शकते.

नागपंचमीला, लग्नाला मुलींना मेंदी हवीच असते. ती घरी भिजवा: २० ग्रॅम गाळलेली मेंदी पूड, एक चमचा साखर आणि साधारण ६० मिली लिंबाचा रस, थोडा थोडा घालत. झाकून ६ ते ८ तास ठेवा, मग कोन भरा. मेंदी हातावर तीन-चार तास राहू द्या, नंतर खरवडून काढा आणि त्या दिवशी हात जास्त भिजवू नका. तान्ह्या बाळाला मात्र शुद्ध मेंदीही नको. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांमध्ये लॉसोनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता आहे की नाही हे इतक्या लहान वयात अनेक घरांत ठाऊकच नसतं.

उरलेला कोन फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर दोन-तीन दिवसांत त्याचा रंग उतरतो. दुकानातला कोन कपाटात महिनोन्‌महिने टिकतो आणि तरी गडद रंग देतो, तेव्हा त्यात मेंदीशिवाय काय घातलंय हे दुकानदाराला विचारा, आणि पाकिटावर घटक छापलेले नसतील तर तो घेऊ नका.