घरगुती रहस्यखेळ: दुसऱ्या आराखड्याची झाडाझडती

टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन गुन्ह्याचा छडा लावायचा असा एक खेळ मी लिहितेय. त्याच्या प्लेटेस्टची, म्हणजे खेळून पाहायच्या चाचणीची, ही फेरी आटोपली. आठवणी ताज्या आहेत तोवर उतरवून ठेवते.

आधी फाशांचा हिशोब. पहिल्या आराखड्यात दोन फासे टाकायचे, बेरीज 7 किंवा जास्त आली की सुगावा हाती. 36 पैकी 21 जोड्या म्हणजे 58 टक्के, ऐकायला ठीक. पण रहस्याला पाच दुवे असतील आणि प्रत्येकासाठी एकच सुगावा, तर पाचही जुळण्याची शक्यता सातेक टक्क्यांवर येते. यावर अशा खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तोडगा प्रसिद्ध आहे: प्रत्येक निष्कर्षासाठी किमान तीन सुगावे. त्याने खूपच फरक पडतो, तरी पाचपैकी एखादा दुवा पूर्ण निसटण्याची शक्यता 31 टक्के उरतेच. शिवाय सुगावा मिळूनही खेळाडू त्याचा भलताच अर्थ लावतात, ते वेगळंच.

म्हणून दुसऱ्या आराखड्यात रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या रहस्यखेळांच्या नियमपद्धतीची वाट धरली. योग्य जागी योग्य कौशल्य वापरलं की सुगावा मिळणारच. फासे ठेवले, पण किंमत ठरवायला: 6 किंवा कमी आले की वेळ मोजणाऱ्या काळपट्टीवरचं एक घर भरतं, आठ घरं भरली की गुन्हेगार पुढची चाल करतो. हे झकास चाललं. फक्त चौकशीच्या प्रसंगात प्रत्येक प्रश्नाला फासे पडत होते आणि पट्टी धावत सुटत होती. आता एका माणसाच्या चौकशीला एकदाच फासे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका चष्म्याने. मृत वयस्कर घड्याळजीच्या खिशात चष्मा सापडतो. माझ्या टिपणात एवढंच होतं: ‘चष्मा त्याचा नाही.’ एकीने विचारलं, “यातून अक्षरं मोठी दिसतात की लहान?” मी म्हटलं, लहान. झालं, जुंपली! एक म्हणे, या वयात बारीक काम करणाऱ्याला बहिर्गोल भिंग लागणार, हा तर अक्षरं लहान दाखवणारा अंतर्गोल, म्हणजे चष्मा दुसऱ्या कुणाचा. मग डोळे बारीक करून पाटी वाचणारा भाडेकरू त्यांना आठवला, जो मी दोन प्रसंग आधी मुद्दाम पेरला होता. तेवढ्यात तिसऱ्याने खोडा घातला: लांबचं न दिसणारा माणूस जवळचं काम चष्मा काढूनच करतो, मग हा त्याचाच कशावरून नाही?

मुद्दा बिनतोड. त्यामुळे आता घड्याळजीचा स्वतःचा, अक्षरं मोठी दाखवणारा चष्मा कामाच्या टेबलावर, उघड्या घड्याळाशेजारी पडलेला असेल. खेळाडू हाताळून पाहू शकतील असा सुगावा शंभर शब्दांच्या चिठ्ठीपेक्षा सरस, असं माझं ठाम मत झालंय. चिठ्ठी वाचून होते आणि विषय संपतो.

चकवे, म्हणजे मुद्दाम दिशाभूल करणारे सुगावे, मात्र सगळे काढून टाकले. खेळाडू स्वतःच इतके चकवे तयार करतात की जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्यात भर घालायची गरज नाही. कॅरेक्टर शीट, म्हणजे खेळाडूच्या पात्राची माहिती, एका पानावर आणली, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. खुनी कोण हे आधी न ठरवता खेळाडूंच्या तर्कावर सोडणारेही खेळ आहेत. खेळायला मजा येते, पण स्वतः लिहायचं तर उत्तर आधी ठरलेलं हवं, त्याशिवाय मला चैन पडत नाही.

“मजा आली का?” हा प्रश्न मी बंद केला. मित्रमंडळी हो म्हणणारच. त्याऐवजी विचारते: मध्यावर संशय कुणावर होता, तो कोणत्या सुगाव्याने हलला आणि मोबाइलकडे हात कधी गेला. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं बहुतेक सगळी एकाच ठिकाणी पडली: शेजाऱ्यांच्या सलग तीन जबान्या. त्यातल्या दोन एकत्र करतेय, तिसरी काळपट्टीचं चौथं घर भरल्यावरच मिळेल.

पुढची फेरी दुसरा जीएम घेईल, हातात फक्त माझी टिपणं. मी बाजूला बसून, तोंड न उघडता, तो कुठे अडतो ते टिपणार.