मुतखड्याच्या सीटीत न दिसलेली धमनी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचा देह आमच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे दानात आला. मुलानं कागदपत्रांसोबत वडिलांची जुनी सीटी फिल्मही पुढे केली. "अण्णांना मुतखड्याचा लई त्रास होता, सर. पोरांना शिकवायला उपयोग होतोय का बघा." असं सहसा कुणी आणून देत नाही.

फिल्म उजेडासमोर धरली. दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकांना जोडलेली! हॉर्सशू किडनी, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचं मूत्रपिंड. साधारण 500 माणसांत एखाद्याला असते. गर्भात मूत्रपिंडं ओटीपोटात तयार होतात आणि वर सरकतात. खालची टोकं जुळली, की मधला पूल मोठ्या आतड्याला रक्त नेणाऱ्या इन्फिरिअर मेसेंटेरिक धमनीखाली अडकतो आणि चढण तिथंच थांबते. मूत्रनलिकांना या पुलावरून खाली उतरावं लागतं, लघवी तुंबते, खडे धरतात. अण्णांच्या दुखण्याचं मूळ हे असणार.

पण खड्यासाठीचा सीटी बहुधा कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, न देता काढतात. खडा पांढराशुभ्र उठून दिसतो, बारीक रक्तवाहिन्या मात्र ओळखू येत नाहीत. पुलाला रक्त कुठून येतं, हे टेबलावरच शोधायला हवं होतं.

माझी पदव्युत्तर विद्यार्थिनी चिमट्यानं चरबी कणाकणानं काढत होती. पूल उचलायचा नाही, असं मी बजावलं होतं. मागून येणारी धमनी ताणली की तुटते. दुपार कलली तेव्हा ती म्हणाली, "सर, इकडं या." ओटीपोट आणि पायाकडं रक्त नेणाऱ्या उजव्या कॉमन इलिअ‍ॅक धमनीतून एक बारीक फांदी वर चढून पुलाच्या मागच्या बाजूनं आत शिरत होती. महाधमनीतून येणाऱ्या नेहमीच्या दोन धमन्या जागेवर होत्याच. ही तिसरी. बाकीच्या टेबलांवरची मुलं धावत आली.

पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त करताना हाच पूल सर्जनच्या आडवा येतो. अशी फांदी नकळत कापली गेली, तर तिच्या वाट्याचा मूत्रपिंडाचा भाग मरतो, कारण तिथं दुसरी धमनी मदतीला येत नाही. म्हणून मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली, बोटानं चाचपली, याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी रेडिओलॉजीतल्या सहकाऱ्यासोबत फिल्म पुन्हा पाहिली. त्या जागी एक राखाडी ठिपका होता. धमनी की आतड्याची कड, यावर आमचं एकमत झालं नाही. आता कॉन्ट्रास्ट दिलेल्या जुन्या सीटींमधल्या हॉर्सशू किडन्या शोधून पुलाच्या धमन्या मोजायचं ठरलंय. नैतिकता समितीकडचा अर्ज त्या विद्यार्थिनीनंच लिहायला घेतलाय.