आईने मिलान उलटं करून बघितलं

आमच्या आईच्या हातात कुठलाही कपडा द्या, ती आधी तो उलटा करते. ठाण्यात नौपाड्यात आमच्या घरी अठ्ठावीस वर्षं फॉल-बिडिंग चालू आहे, त्यामुळे साडी समोरून कशी दिसते यात तिला फारसा इंटरेस्टच नाही, आतले टाके बघून ती माणसांबद्दलसुद्धा मत बनवते. मे महिन्यात टूरबरोबर मिलानला गेलो, टूर लीडरने डुओमो नावाच्या मोठ्या चर्चसमोर उभं करून दोन तास फ्री टाइम जाहीर केला, मी म्हटलं जिलाटो खाऊ आणि सावलीत बसू. तर आई म्हणाली मला ते फॅशनवाले रस्ते बघायचेत.

बाबांना खरं तर चर्चमध्येच थांबायचं होतं. १३८६ ला काम सुरू झालं आणि संपायला काही शतकं गेली हे ऐकून ते म्हणाले, अरे मग आपल्या घोडबंदरच्या मेट्रोला उगाच नावं ठेवतो आपण.

डुओमोच्या बाजूलाच गॅलेरिया नावाचा जुना बाजार आहे, वर काचेचं छत आणि खाली मोझॅक. ती बांधणारा मेंगोनी काम संपत आलेलं असताना १८७७ मध्ये तिथूनच पडून गेला बिचारा. खाली जमिनीवर तोरिनो शहराचा बैल आहे आणि त्याच्या नको तिथे टाच रोवून लोक गोल फिरतात, लक लागतं म्हणे. तिथे खड्डा पडलाय चक्क. आईने तोंड फिरवलं. प्राडा या इटालियन ब्रँडचं पहिलं दुकान १९१३ पासून इथेच आहे, त्याच्यासमोर उभं राहून बाबांनी भर गर्दीत मोठ्याने विचारलं, "हेच ना ते कोल्हापुरीवाले?" हो बाबा, हेच. २०२५ च्या जूनमध्ये इथल्याच फॅशन वीकमध्ये नाव न घेता चपला दाखवल्या आणि आपल्याकडे बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीची आहे. चला पुढे.

स्काला ऑपेराच्या पुढून दहा मिनिटं चाललं की आईच्या त्या फॅशनवाल्या चार रस्त्यांचा चौकोन लागतो, मॉन्टेनापोलिओने, स्पिगा, मान्झोनी आणि कोर्सो वेनेत्सिया. मॉन्टे म्हणजे डोंगर असं मला वाटलेलं पण रस्ता तर सपाट, मग मोबाइलवर वाचलं की इथे सरकारी कर्जाची पेढी होती, तिला मॉन्टे म्हणायचे, आणि नेपोलियनच्या काळात त्याचं नाव लागलं. आई म्हणाली, "म्हणजे पतपेढी रोड." आणि हाच पतपेढी रोड २०२४ च्या एका यादीत जगातला सगळ्यात महाग भाड्याचा शॉपिंग रस्ता ठरला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूला मागे टाकून, एका चौरस मीटरला वर्षाला साधारण २०,००० युरो. राम मारुती रोडवरचे दुकानदार भाड्याच्या नावाने रडतात ते मला आठवले.

रस्ता मात्र अरुंद आहे, जुन्या वाड्यांच्या भिंती, खाली काचा आणि काचेत एकच बॅग. एकच! आमच्याकडे एवढ्या काचेत चाळीस ड्रेस लटकतील. दारात सूटवाला माणूस उभा, त्याला बघूनच माझी आत जायची छाती होईना, पण आई स्पोर्ट्स शूज आणि पंजाबी ड्रेसमध्ये सरळ आत, आणि मला म्हणते, "अगं त्याला सांग, तो कोट उलटा करून दाखव."

मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. मला वाटलं आता बाहेर काढतील. तर ती सेल्सवाली मुलगी खूश झाली, हातमोजे घालून कोट उलटा धरला आणि आई चष्मा चढवून दहा मिनिटं बघत राहिली. अस्तर हाताने लावलेलं, टाका कुठे दिसत नव्हता. मग बाहीवरच्या मण्यांच्या कामावर बोट न लावता म्हणाली हे आरी वर्क आहे, कापड चौकटीवर ताणून आकड्याच्या सुईने करतात, हे आपल्याकडचे कारागीर करतात. कुठे केलं ते त्या मुलीला माहीत नव्हतं, पण आईचं अगदीच काही चुकत नसावं, डिऑर या फ्रेंच ब्रँडने २०२३ च्या मार्चमध्ये गेटवेवर शो केला त्याची एम्ब्रॉयडरी मुंबईच्याच चाणक्य या एम्ब्रॉयडरीवाल्या कंपनीची होती. किंमत विचारली तर ४,२०० युरो. "चार लाख?" आई म्हणाली, "आपलं किचन झालं त्यात." पण लगेच, "नाही, काम आहे हं."

बाबा तोवर कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्याने कॉफी पिऊन आले होते, बसलं की जास्त पैसे लागतात हा शोध त्यांनी आदल्या दिवशीच लावलेला.

बसमध्ये सगळ्या काकू पिशव्या दाखवत होत्या, आमच्याकडे काहीच नव्हतं. ठाण्याला आल्यावर मात्र आईने फॉल-बिडिंगचे दीडशेचे एकशेऐंशी केले. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, अगं एकदम तीस रुपये? आईने साडी उलटी केली आणि त्यांच्या हातात दिली.