दाजी निघेनात, किडा थांबेना

कोल्हापुरात ताईकडे तीन दिवस होतो. अंबाबाई, रंकाळा, चपला, सगळं झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते मसाई पठारावरच्या पाऊण तासाबद्दल आणि त्याआधी वाया गेलेल्या पहाटेबद्दल.

सप्टेंबरअखेरीला पन्हाळ्यापुढचं हे जांभ्याचं पठार सोनकी-तेरड्यानं भरतं, आणि फुलं आली की मागोमाग किडे. हलत्या किड्यांचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा दिसणारा फोटो, काढायचा तर पहाटेसारखी वेळ नाही. किड्यांच्या अंगातली ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून, त्यामुळे ऊन चढेपर्यंत ते गारठून बसलेले असतात. पंखांवर दव घेऊन बसलेल्या चतुराच्या तोंडाशी लेन्स नेली तरी तो बिचारा उडत नाही. हे सगळं मी रात्री जेवताना दाजींना नीट समजावलं. पाचला निघायचं ठरलं.

पाचला निघालोही. पण गाडी वळली गंगावेशीकडे. "पावणं, कोल्हापुरात येऊन धारेचं दूध न पिता जातायसा व्हय?" दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि फेसाचा पेला हातात देतात. मी दोन प्यालो, खोटं कशाला बोलू. मग दाजींच्या तालमीतले दोन जुने गडी भेटले. मग मिसळीचं दुकान उघडायची वाट. मग "कट घ्या की अजून". या गावात पाहुण्याला नको म्हणायची सोय नाही. तुम्ही नको म्हणता, तोवर ताटलीत पडलेलं असतं.

पठारावर पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. दव उडालेलं, गाड्या लागलेल्या, एक ड्रोन डोक्यावर घोंघावतोय आणि एक कुटुंब चक्क सोनकीत लोळून रील काढतंय. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते याच पठारावरून. मी चिडून पायवाटेनं लांब चालत राहिलो, दाजी मागे.

आणि तांबड्या मातीत तो दिसला. टायगर बीटल. बोटाच्या पेराएवढाही नाही, पाठ हिरवीनिळी चमचमती. एव्हाना चांगला तापलेला, त्यामुळे सुसाट. सुरुवातीची वीस मिनिटं मी शिकाऊ पोरासारखा त्याच्यामागे धावलो. ऑटोफोकस पुढेमागे घुरघुरायचा, तोवर फ्रेममध्ये नुसती माती. जवळ गेलो की तो उडून चार हात पुढे बसायचा.

हा किडा इतक्या वेगानं पळतो की पळताना त्याच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाश गोळा करता येत नाही, भक्ष्य दिसेनासं होतं. म्हणून तो पळतो, थांबतो, बघतो, पुन्हा पळतो. हे मला घरी बसून पाठ होतं. मातीत पोट टेकल्यावर आठवलं. त्याला गाठायचंच नाही, त्या थांब्याला गाठायचं. फोकस मॅन्युअल करून एका अंतरावर कायम ठेवला. आता लेन्सवरच्या फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही. कोपरं जमिनीवर आणि अख्खं अंग केसभर पुढे, केसभर मागे. डोळा लखलखीत झाला की बटण. लेन्सचं तोंड एफ ११ इतकं बारीक ठेवूनही जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं स्पष्ट दिसतं, म्हणून डोळा धरायचा, पाय गेले तर गेले. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढंच. हालचाल गोठवतो तो फ्लॅश, कमी पॉवरवर त्याचा झोत कितीतरी क्षणिक असतो. पण चकचकीत पाठीवर उघडा फ्लॅश मारला की पांढरा डाग उठतो, त्यामुळे पुढे ट्रेसिंग पेपरचा पडदा. तो चिकटवायची टेप मी ताईकडेच विसरलो होतो.

"द्या हिकडं," म्हणत दाजींनी कागद धरला. उभ्यानं. त्यांची सावली थेट किड्यावर पडली, आणि किडा पसार.

"दाजी, सावली!"

"आगं आयव! काय पळतंय ओ!" पण त्यानंतर हा नव्वद किलोचा माणूस जोर मारायच्या पवित्र्यात एका हातावर तोलून राहिला, दुसऱ्या हातात कागद, हूं नाही की चूं नाही. ताईच्या लग्नापासून मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. किडा पळाला, थांबला. दोनदा क्लिक. पुन्हा पळाला. समोरून एक मुंगी आली आणि तो तिच्याकडे वळून थबकला, कोयत्यांसारखे जबडे थेट लेन्ससमोर. मी श्वास सोडला आणि दाबलं.

दोनशेच्या वर फोटोंत धड निघाला तो हा एकच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाजींना दाखवला. त्यांनी मोठा करून बघितला, पुन्हा बघितला.

"ह्यो मुंगळाच की ओ!"

परतताना ताईचा फोन, पांढरा रस्सा गार होतोय म्हणून. दाजी शर्टावरची तांबडी माती न झटकताच गाडी चालवत होते. पन्हाळ्याच्या घाटात म्हणाले, "उद्या लवकर येऊ. साडेचारला उठवा मला." थोड्या वेळानं, "म्हंजी दूध पिऊनसुद्धा टायमात पोचतो."