लाल तार प्लसला

शिरोली एमआयडीसीत एका हीट ट्रीटमेंट शॉपमधल्या, म्हणजे पोलादाचे भाग तापवून कडक करणाऱ्या कारखान्यातल्या, इलेक्ट्रिक भट्टीचा तापमान सांभाळणारा कंट्रोलर जळाला. मालक म्हणाले, "नवा आणायचाच हाय तर मोबाईलवर दिसंल असा करून द्या." मायक्रोकंट्रोलरवरची असली कामं मी करतोच, लगेच हो म्हणालो.

सेन्सर निवडायला डोकं खाजवावं लागलं नाही. ईएन ८ पोलादाचे शाफ्ट ८५० अंशांवर तापवायचे. एलएम ३५ ची धाव १५० पर्यंत, डीएस १८ बी २० ची १२५ पर्यंत, ते दारातच बाद. साधा पीटी १०० सेन्सर पाच-सहाशेच्या पुढं नेण्यात अर्थ नसतो. राहिला के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर, आणि तो भट्टीत आधीपासून होताच. विचार करावा लागला तो थर्मोकपल वाचणाऱ्या चिपचा. मॅक्स ६६७५ स्वस्त, १०२३.७५ अंशांपर्यंत वाचते, म्हणजे पुरली असती. पण थर्मोकपलची तार अर्थिंगला टेकली तर ती स्वतःहून तसं कळवत नाही. मॅक्स ३१८५५ कळवते, ३.३ व्होल्टवर चालते आणि ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरला सरळ जोडता येते. तीच घेतली. घरी दुसरा एक के टाइप जोडून उकळत्या पाण्यात बुडवला, ९८ दाखवले. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी साधारण तेवढ्यालाच उकळतं. खूश झालो.

शॉपवर जाऊन जुनी वायरिंग आहे तशी ठेवली. थर्मोकपलच्या हेडपासून, म्हणजे भट्टीबाहेरच्या जोडणीच्या डबीपासून, पॅनेलपर्यंत थर्मोकपलसाठीची चांगली कंपेन्सेटिंग केबल होती, एक तार पिवळी आणि एक लाल. लाल प्लसला, पिवळी मायनसला. भट्टी चालू केली, आकडा चढायला लागला. तार उलटी असती तर आकडा खाली गेला असता, म्हणून मीही निश्चिंत.

भट्टीवरचे मामा जवळ आले. पॅनेलच्या दारावर मार्करनं लिहिलेलं दाखवलं: '८५० ला ७८० लावणे'. म्हणाले, "साहेब, हितं ७८० लावत्यात."

"तो जुना मीटर होता मामा. हा बरोबर दाखवतो. सरळ ८५० लावा." आणि त्यांच्यादेखत थिनरच्या फडक्यानं ते अक्षर पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. गेलो तर चोवीस शाफ्ट बाहेर मांडलेले. अंगावर जाड पपडी, तीन-चार डोळ्यांनी दिसावेत इतके वाकलेले. शाफ्टची पुढची खेप भट्टीत होती, स्क्रीनवर ८५० स्थिर. मामांनी दार बोटभर उघडलं. "बघा. ८५० ला डाळिंबाच्या दाण्यागत दिसतंय. आज गाजर झालंय."

मी काही बोललो नाही, पण स्क्रीनपेक्षा त्या गाजरावर माझा विश्वास बसला. बॅगेतला हातातला मीटर आणि त्याचा थर्मोकपल काढला, जुन्याच्या शेजारून आत सरकवला. ९२३.

पहिला संशय चिपवर, दुसरा कोडवर. अर्धा तास त्यातच गेला. मग कपाळावरचा घाम पुसताना सहज थर्मोकपलच्या हेडला हात लागला आणि चटका बसला. मीटरनं मोजलं, हेड ७८ अंश. पॅनेलच्या आत ४१. फरक ३७, दुप्पट ७४. ९२३ वजा ८५०, ७३.

तिथंच उलगडलं. थर्मोकपल तापमान सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगतो, के टाइपमध्ये अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. चिप स्वतःपाशी किती गरम आहे ते मोजून त्यात मिळवते. हेडपाशी किती गरम आहे ते तिला कळत नाही. तेवढा टप्पा केबलनं भरून काढायचा. म्हणूनच केबलही त्याच धातूंची, नाहीतर तेवढंच व्होल्टेज देणाऱ्या धातूंची लागते. साधी तांब्याची असती तर ३७ अंश कमी आले असते. आमची केबल दोन्ही टोकांना उलटी होती, त्यामुळं ३७ मिळवायच्या जागी वजा झाले. थर्मोकपल सुलटाच राहिला, म्हणून आकडा शहाण्यासारखा चढत होता. आणि मी तपासलं तेव्हा भट्टी गार, हेड आणि पॅनेल सारखेच, चूक शून्य.

खात्रीला लोहचुंबक होता. के टाइपमधली अल्युमेलची तार, म्हणजे मायनस, चुंबकाला हलकीशी ओढली जाते. केबलचं टोक सोडून चुंबक जवळ नेला. पिवळी ढिम्म. लाल तार हळूच वाकली आणि चिकटली. तारांच्या रंगांच्या अमेरिकन कोडात पिवळी प्लस आणि लाल मायनस, हे मी वाचलेलं होतं. पण बॅटरीपासून हाताला लागलेली सवय, लाल दिसली की प्लस. जुन्या वायरमनचीही तीच असणार. फरक एवढाच, की त्याची चूक शॉपनं मार्करनं लिहून सांभाळून घेतली होती, आणि ती दुरुस्ती मी थिनरनं पुसली.

दोन्ही टोकं पालटली. तासाभरानं स्क्रीनवर ८५०, हातातल्या मीटरवर ८५२, हेड तसंच चटका देणारं. चोवीस शाफ्टचे पैसे माझ्या बिलातून वजा करायला मीच सांगितलं, मालकांनी निम्मे केले.

निघताना मामांनी विचारलं, "मग आता किती लावायचं?"

"८५०."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ८४० लावलं.